गेटवरचा संप आणि तुझं बंड

कुपवाड, सांगली
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. आत आल्फ्रेदो बोनान्नो या इटालियन अराजकवाद्याच्या लेखांच्या झेरॉक्स बघून आधी हसूच आलं. तू पुण्यात बसून बंडखोर अराजकवादी, म्हणजे सरकार आणि पुढारी दोन्ही न मानणारा, झालास, आणि मी इथं एमआयडीसीत अजून युनियनच्या पावत्या फाडतोय! पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर दोन रात्री वाचत बसलो. (अक्षर फार पुसट आहे लेका, डोळे गेले.)

आधी कबुली देतो. युनियन म्हणजे कामगाराच्या श्रमाचा भाव ठरवून देणारा मध्यस्थ, हे त्याचं म्हणणं झोंबलं. आम्ही एकोणीस दिवस गेटवर बसलो. करार झाला, कायम कामगारांना वाढ मिळाली, आणि आमच्या मांडीला मांडी लावून बसलेली कंत्राटी पोरं त्या करारात कुठंच नव्हती. सही करणाऱ्यांत मीही होतो. त्यातला एक पोरगा अजून टपरीवर भेटतो, बोलतो, पण मला 'दादा' म्हणायचं त्यानं सोडलंय.

तेव्हा पुढाऱ्याच्या परवानगीची वाट बघू नये, ओळखीच्या चार माणसांनी आपणच सुरुवात करावी, इथवर मी तुझ्या बाजूला आहे. पुढं मात्र गाडं अडतं.

फ्रान्समधल्या कार्मो गावच्या खाणकामगारांचंच बघ. त्यांच्यातला एक जण महापौर म्हणून निवडून आला, कंपनीनं त्याला कामावरून काढलं, म्हणून 1892 मध्ये त्यांनी संप केला. समाजवादी पुढाऱ्यांनी तो संप थंड केला, या रागानं एमिल आन्री नावाच्या अराजकवाद्यानं कंपनीच्या पॅरिसच्या कचेरीबाहेर बाँब ठेवला. तो सापडल्यावर पोलीस चौकीत नेला, तिथं फुटला, पाच माणसं मेली. कार्मोच्या एकाही कामगारानं त्याला ते करायला सांगितलं नव्हतं. 1894 मध्ये त्यानंच कॅफेत बसलेल्या साध्या लोकांवर बाँब टाकला. माझ्या लेखी त्याची वाट तिथवर जाणारच होती.

इटालियन अराजकवादी मालातेस्ताची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. 1877 मध्ये इटलीतल्या मातेझे डोंगरात तो विसेक साथीदारांना घेऊन शिरला, दोन गावांत कराची दप्तरं जाळली. थोड्याच दिवसांत, पावसा-बर्फात, सगळे पकडले गेले. गावकरी त्यांच्या मागं डोंगरात गेले नाहीत, आणि त्यात मला नवल वाटत नाही. ही मंडळी आली तशी निघून जाणार, लष्कर मात्र गावात येणार! पुढं हाच मालातेस्ता कामगार संघटनांत शिरा म्हणाला, आणि 1907 च्या आम्स्टरडॅमच्या अराजकवाद्यांच्या परिषदेत हेही म्हणाला, की नुसत्या संघटनेनं क्रांती होत नाही. म्हातारा दोन्ही बाजूंना नडला.

आता आपल्याकडं ये. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली, ती कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं. हे तुला पाठ आहे, शाळेत भाषणं ठोकायचास. पण माझी आजी गाडीबद्दल कधीच बोलायची नाही. ती सांगायची उसात लपलेल्यांना पोचवलेल्या भाकऱ्यांचं, आणि प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळानं सावकाराच्या तावडीतून सोडवलेल्या एका शेजाऱ्याच्या रानाचं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार 1946 पर्यंत टिकलं ते याच्यावर. भाकरी देणारी बाई त्या बंडात पाहुणी नव्हती, तिच्या घरचा तंटा तिथं मिटत होता. (ते अराजकवादी नव्हतेच, 'सरकार' हा शब्द नावातच आहे. आणि फितुरांच्या तळपायांवर पडलेल्या काठ्यांचं मी कौतुक करणार नाही.)

तुझ्या झेरॉक्समधलं कोमिसोचं प्रकरण म्हणूनच दोनदा वाचलं. ऐंशीच्या दशकात सिसिलीत अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या तळाविरुद्ध गावकऱ्यांच्या स्वयंशासित लीगा, म्हणजे छोटे गट, काढायच्या, एकाच कामापुरत्या, पक्षाविना, कायमच्या पुढाऱ्याविना. तळ काही त्यांच्यानं थांबला नाही. पण ही तऱ्हा आमच्या कंत्राटी पोरांना जमेल असं वाटतं. मागणी एकच, पगाराची स्लिप हातात. बाकी युनियनचा फळा नको, मीही नको, असं त्यांनी ठरवलं तर ठरवू देत.

पुढच्या रविवारी त्यांच्या खोलीवर बसायचं आहे. मला त्यांनी बोलावलेलं नाही, 'आलात तर या' म्हणालेत. तू येणार असशील तर शनिवारीच मुक्कामाला ये, भडंग आणून ठेवतो. तिथं बोनान्नोचं नाव काढू नकोस, त्यांचं ऐकायला ये.

तुझाच,
बाळू