इजिप्तचे पुजारी पाळीने येत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत प्राचीन इजिप्तवरचा लेख वाचला. पिरॅमिड आणि ममी सोडून पुजाऱ्यांबद्दल कुणी लिहिले, हेच विशेष. पण ‘राजाला मुठीत ठेवणारा धूर्त पुरोहितवर्ग’ हे त्यातले चित्र काही पटले नाही.

तिथले बहुसंख्य पुजारी पाळीचे होते. जुन्या राज्यकाळात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, सेवेकऱ्यांचे पाच गट असत, मध्य राज्यकाळात ते चार झाले. एका गटाने महिनाभर सेवा करायची आणि घरी जायचे. म्हणजे वर्षातले तीन महिने देऊळ, उरलेले नऊ महिने आपापली कारकुनी नाहीतर शेती. (पाचवा गट पुन्हा आला तो इ.स.पू. 238 मध्ये, टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळात.) कैरोजवळच्या अबुसीरला जुन्या राज्यकाळातल्या नेफेरिरकारे राजाच्या देवळाचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे दस्तऐवज, सापडले आहेत. त्यात कुणाची पाळी कधी हे तर आहेच, शिवाय देवळातल्या भांड्याकुंड्यांची मोजदाद आहे, कुठले भांडे तडकले आहे याच्या नोंदीसकट. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे दप्तर वाचताना धूर्तपणापेक्षा कोठीघराचा कारभारच जास्त दिसतो.

सोवळे मात्र कडक. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की हे लोक दिवसाआड सर्वांगाचे केस काढत, दिवसा दोनदा आणि रात्री दोनदा थंड पाण्याने अंघोळ करत, फक्त तागाचे वस्त्र नेसत. प्रवचन वगैरे भानगड नव्हती. सामान्य माणूस गाभाऱ्यापर्यंत पोहोचतच नसे. आणि देवळाच्या भिंतींवर पूजा करताना कोरलेला दिसतो तो राजा. खरा पुजारी तो एकटाच, बाकीचे त्याच्या वतीने उभे.

मोबदला नैवेद्यातून मिळे. देवापुढचे भाकरी, मांस, बिअर नंतर सेवेकऱ्यांत वाटले जाई. हा वाटा म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ताच. मध्य राज्यकाळातला सिउत गावचा प्रांताधिकारी जेफाईहापी याने आपल्या मृत्यूनंतरच्या सेवेसाठी पुजाऱ्यांशी दहा करार केले. त्यात ‘देवळाचा एक दिवस’ म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा 360 वा हिस्सा, असा हिशेब मांडून आपल्या वाट्यातले दिवस त्याने त्यांना दिले. वडिलांकडून आलेले कोणते आणि हुद्द्यामुळे मिळालेले कोणते, हेही तो वेगळे सांगतो.

आता सत्तेचा प्रश्न. दक्षिणेतल्या थीब्ज शहराजवळचे, कर्नाकचे अमुन देवाचे देवस्थान अफाट श्रीमंत होते, यात वाद नाही. तिसऱ्या रामसेस राजाच्या काळाचा हिशेब देणाऱ्या हॅरिस पपायरसमध्ये अमुनच्या नावे 86,486 माणसे आणि 4,21,362 जनावरे आहेत. पण तिथल्या मुख्य पुजाऱ्याच्या गादीवर बसवणारा राजाच. त्याच्या आधीच्या दुसऱ्या रामसेसने राज्यावर येताच नेबवेनेनेफला मुख्य पुजारी केले, आणि तो कर्नाकचा नव्हताच, बाहेरून आणलेला होता. पुढे त्याच पदावर आलेल्या बाकेनखोन्सूने आपल्या पुतळ्यावर नोकरीचा तपशील कोरून ठेवला आहे: साधा पुजारी 4 वर्षे, त्यावरच्या पायरीवर 12, मग तिसरा पुजारी 15, दुसरा 12. त्रेचाळीस वर्षांनी सर्वोच्च पद! यात बंडखोर कुठे दिसतो? मला तरी सेवाज्येष्ठतेची वाट पाहणारा अधिकारी दिसतो.

लेखकाने अमुनचा मुख्य पुजारी हेरिहोर याचे उदाहरण दिले आहे. कर्नाकच्या खोन्सू देवाच्या देवळात त्याने राजाची बिरुदे लावली हे खरे. पण तो मुख्य पुजारी होता तसा सेनापतीही होता, आणि त्याचे बळ कुठून आले हे सांगताना सैन्य विसरून कसे चालेल?

शेवटचे म्हणजे, एवढ्या मोठ्या लेखात स्त्रियांचे नावही नाही. इ.स.पू. 656 मध्ये उत्तरेचा राजा पहिला साम्तिक याने आपली मुलगी नितोक्रिस थीब्जला पाठवली आणि ‘अमुनची पत्नी’ या तिथल्या मोठ्या धर्मपदावर असलेल्या दुसऱ्या शेपेनवेपेतला ती दत्तक घ्यायला लावली. लढाई न होता दक्षिण इजिप्त उत्तरेच्या राजाकडे आले, ते या एका धर्मपदाच्या वारसाहक्कामुळे. त्यावर एखादा स्वतंत्र लेख छापावा.

– एक वाचक, सातारा