दूध कमी नव्हतं

अंगणवाडीच्या ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर रागवाल. पंचवटीतल्या आमच्या गल्लीला ते ठाऊक आहेच.

लेक झाली तेव्हा 2 किलो 400 ग्रॅम. विसाव्या दिवशी तुम्ही काटा घेऊन आलात, तेव्हाही तेवढीच. घरात तोवर निकाल लागला होता : हिला दूधच नाही. एका दवाखान्यात तर पाजताना न बघताच पावडरचा डबा लिहून दिला होता. तो ओट्यावर होता, फोडायचा तेवढा बाकी.

तुम्ही डब्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. "पाज बरं, मी बसते," म्हणालात आणि अर्धा तास बसलात. मग म्हणालात, "दूध आहे गं, पकड चुकतेय." उजवीकडे पाजताना बाळ डाव्या हातावर घ्यायला लावलंत. तिचं नाक स्तनाग्रासमोर. तिनं मोठा आ केला की झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. नुसतं टोक नाही, खालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. आणि एक बाजू पुरती रिकामी झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही, कारण शेवटी येतं ते दाट, स्निग्ध दूध. मी मात्र घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलत होते! तिचा गटागट गिळण्याचा आवाज सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकला. दहा दिवसांनी काट्यावर 2 किलो 700.

सासूबाईंचे अळिवाचे लाडू तुम्ही मोडीत काढले नाहीत. "त्यात लोह असतं, चालू ठेवा," म्हणालात आणि त्याच दमात माझी लोहाची गोळी चहापासून तोडलीत. चहासोबत ती नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या जेवणासोबत लागते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

सहा महिने पुरे झाल्यावर डाळीचं पाणीही बंद पाडलंत. मोड आलेल्या नागलीचं पीठ, मूगडाळ, शेंगदाण्याचा बारीक कूट, वर तूप. चमचा तिरका केला तरी ओघळू नये एवढं घट्ट. वर्षाची होईपर्यंत मीठ-साखर नाही, यावर मात्र घरात भांडण झालं. आता सासरे बुधवारच्या बाजारातून शेवग्याचा पाला स्वतः निवडून आणतात.

रजिस्टरं, मोबाइलमध्ये भरायची माहिती, खोलीभर पोरं, हे सगळं सांभाळून तुम्ही माझ्यापाशी बसलात. त्या अर्ध्या तासासाठी मनापासून आभार.

परवा शेजारची सून बाळंत होऊन घरी आली. सासूबाई लाडवांचा डबा घेऊन गेल्या आणि पलंगाच्या कडेला टेकत तिला म्हणाल्या, "पाज बरं, मी बसते." बाळाचं वजन करायचंय. जमलं तर सोमवारी काटा घेऊन या.

तुमची,
लेकीची आई