शाळेच्या नावाचा रकाना रिकामा राहतो त्या मुलांबद्दल

संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शिक्षणाच्या पानावर ए-लेव्हल (ब्रिटिश पद्धतीची बारावी) किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, बारावीच्याच तोडीचा डिप्लोमा) केलेल्या मुलांबद्दल छापून येतं ते मी आवर्जून वाचते, पण ती सगळी मुलं कुठल्या तरी मोठ्या शाळेत शिकणारी असतात. ज्याची शाळाच अर्ध्यात सुटलीय त्याला या परीक्षा देता येतात का, यावर कधी एक ओळसुद्धा दिसत नाही. तर देता येतात, आणि हे मी अनुभवाने सांगतेय.

माझ्या भाचीची शाळा सोळाव्या वर्षी सुटली. आजारपण निघालं, दोन वर्षं नुसत्या दवाखान्याच्या फेऱ्या, हजेरी भरेना, शेवटी शाळेने नाव कमी केलं. शालान्त परीक्षा राहिली ती राहिलीच. ती हुशार आहे पण जगावेगळी वगैरे नाही हे मुद्दाम लिहिते, कारण शाळेशिवाय शिकण्याचा विषय काढला की कोणीतरी लगेच रूथ लॉरेन्सचं नाव घेतं, घरी वडिलांनी शिकवलं आणि १९८३ साली बाराव्या वर्षी ऑक्सफर्डला गणिताला गेली ती. अशी मुलं आपली वाट काढतातच हो. मला काळजी आहे ती साध्या मुलांची, ज्यांना तास-तास बसून एकेक धडा डोक्यात घालावा लागतो.

आम्हाला पहिल्यांदा कळलं ते हे की ए-लेव्हल ही एक सलग 'पास-नापास' परीक्षा नाहीच. १९५१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली तेव्हापासून ती विषयवार आहे, आता तर एक विषय द्या, त्याचा ग्रेड घ्या, पुढच्या खेपेला दुसरा द्या. आजारी मुलीला याहून मोठा दिलासा काय असणार? आणि केंब्रिज या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात आधी ओ-लेव्हल किंवा आयजीसीएसई (दोन्ही दहावीच्या पातळीच्या परीक्षा) झालेलं असावं असं लिहिलेलं असतं पण ती शिफारस आहे, अट नाही, शाळा सोडल्याचा दाखला तर परीक्षा मंडळ मागतच नाही. आयबी डिप्लोमाचं मात्र तसं नाही, सहा विषय, वर चार हजार शब्दांचा निबंध, थिअरी ऑफ नॉलेज हा ज्ञानाविषयीचा विषय, कॅस म्हणजे कला-खेळ-समाजसेवेचे उपक्रम, आणि हे सगळं मान्यताप्राप्त शाळेतूनच करायचं, बाहेरून बसायची सोय नाही. हे आम्हाला कोणी धड सांगितलं नाही म्हणून आमचे चार महिने आयबीच्या मागे वाया गेले.

मग अडलं कुठे, तर सेंटर मिळण्यात. मंडळाकडे थेट फॉर्म भरता येत नाही, मान्यता असलेल्या एखाद्या सेंटरमार्फतच नाव घालावं लागतं, आणि सेंटर म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळाच. आता शाळेला काय पडलंय? बाहेरच्या मुलाचा निकाल चांगला लागला तर त्यांचं नाव होत नाही आणि वाईट लागला तर त्यांना वाटतं आपली सरासरी बिघडली. मी फोन करायचे, समोरून पहिला प्रश्न ठरलेला, 'कुठल्या शाळेची?', मी म्हणायचे कुठल्याच नाही, की पुढचं बोलणं एकदम थंड. एका ठिकाणी हो म्हणाले, फॉर्म हातात दिला, तिने नाव, जन्मतारीख, विषय सगळं भरलं आणि 'सध्याची शाळा' या रकान्यापाशी पेन थांबलं. 'मावशी, इथे काय लिहू गं?' मला काही सुचेना. रेघ मार म्हटलं. तिने इतकी हळू मारली ती रेघ, की अजून डोळ्यांसमोर आहे.

त्याच ठिकाणी फी भरून झाल्यावर कळवलं की केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्यांना लॅब मिळणार नाही. आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच खूप मुलं अडकतात. आयजीसीएसईच्या सायन्सला प्रॅक्टिकलऐवजी लेखी पेपरचा पर्याय असतो पण केंब्रिजच्या ए-लेव्हल फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला तिसरा पेपर लॅबमध्ये उभं राहूनच द्यावा लागतो, त्याला पर्याय नाही. एडेक्सेल या दुसऱ्या मंडळाच्या इंटरनॅशनल ए-लेव्हलला प्रॅक्टिकल स्किल्सचे पेपर लेखी असतात म्हणून बाहेरून बसणारी बरीच मुलं तिकडे वळतात. आम्हाला हे कळेपर्यंत तिचा अर्धा अभ्यास केंब्रिजच्या हिशोबाने झाला होता, त्यामुळे सेंटर बदललं, एक सीरिज, म्हणजे परीक्षेची एक फेरी, हुकली, आणि अखेर एका दुसऱ्या शाळेतल्या मॅडमनी शनिवारी दुपारी लॅब उघडून द्यायचं कबूल केलं. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तिने तोवर ब्युरेट, म्हणजे थेंब-थेंब द्रव सोडायची खुणा केलेली काचेची नळी, फक्त चित्रात पाहिलेली. पहिल्या शनिवारी तिची तोटी फिरवताना हात थरथरत होता, थेंब पडायच्या ऐवजी धारच लागली आणि रंग एका झटक्यात पार पुढे गेला. तिसऱ्या शनिवारी एकेक थेंब सोडायला लागली. तरी वहीत वाचन २४.४ लिहिलेलं, मॅडमनी तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, २४.४० लिही, ब्युरेट ०.०५ पर्यंत वाचायची असते, शून्य लिहिलं नाहीस तर मार्क जातो. पुस्तक तिने दोनदा संपवलं होतं हो, पण ते शून्य तिच्या नजरेतूनच निसटलं होतं, कारण शेजारी उभं राहून 'हे बघ' म्हणणारं कोणी नव्हतं. घरी शिकणाऱ्याचं नुकसान होतं ते असं बारीकसारीक, बुद्धी कमी असते म्हणून नाही.

२०२० मध्ये मे-जूनच्या परीक्षा रद्द झाल्या आणि शिक्षकांच्या अंदाजावर ग्रेड दिले गेले, तेव्हा बाहेरून बसलेल्या कितीतरी मुलांना ग्रेडच मिळाले नाहीत, कारण त्यांच्याबद्दल अंदाज सांगणारा शिक्षकच नव्हता. भाची त्यानंतर बसली, पण हेच दुखणं लहान रूपात दरवर्षी असतं. ब्रिटनच्या विद्यापीठांचा अर्ज निकालाआधी भरताना सहसा प्रेडिक्टेड ग्रेड (शिक्षकाने आधीच सांगितलेले अंदाजे ग्रेड) आणि शिक्षकाचं शिफारसपत्र मागतात, हिच्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून निकाल हातात येईपर्यंत थांबलो आणि एक वर्ष गेलं. तिला दोन ए आणि एक बी मिळाला.

मी कोणाला शाळा सोडा म्हणत नाहीये. शाळा सुटू नये यासाठी जे करता येईल ते आधी करा. आणि परीक्षा देता येते म्हणजे पुढचं सगळं मोकळं झालं असंही धरू नका. ब्रिटनमधल्या बऱ्याच कोर्सना तीन ए-लेव्हल असले तरी जीसीएसई (ब्रिटनची दहावी) दर्जाचं इंग्रजी आणि गणित लागतंच, म्हणून आम्ही मागे जाऊन हे दोन आयजीसीएसई तिच्याकडून करून घेतले, आणि आज कोणी विचारलं तर मी सांगेन की सुरुवातच तिथून करा, कारण ए-लेव्हल केमिस्ट्रीत मोलचं (पदार्थाचं प्रमाण मोजायच्या एककाचं) गणित आलं की खालचा कच्चा पाया लगेच उघडा पडतो. अमेरिकेचा एपी (कॉलेजच्या पातळीचा विषयवार पेपर) शाळेत नाव नसलं तरी देता येतो पण तो शाळेच्या डिप्लोमाच्या जागी चालत नाही, तिथे शाळा सुटलेले बरेच जण जीईडीसारखी, शालान्ताच्या बरोबरीची वेगळी परीक्षा देतात. कुठल्या देशात, कुठल्या कोर्सला जायचं ते आधी ठरवा, त्या विद्यापीठाला ईमेल करून 'शालान्त नसेल तर चालेल का' हे लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा, मग विषय निवडा. आम्ही उलट क्रमाने केलं.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. ज्या शाळा या परीक्षांची सेंटर आहेत त्यांनी दर सीरिजला चार-पाच जागा तरी बाहेरच्या मुलांना द्याव्यात, प्रॅक्टिकलसकट, आणि हो की नाही ते फी घेण्याआधी सांगावं. आणि आपण, संपादक, बाहेरून बसणाऱ्यांना कुठली सेंटर घेतात, कुठल्या विषयांना घेतात, नोंदणीची शेवटची तारीख काय, एवढं तरी परीक्षेच्या आधी पाच-सहा महिने आपल्या पानावर छापा. मला ही माहिती चाळीसेक फोन करून गोळा करावी लागली. ती वही अजून माझ्याकडे आहे, आपल्याला उपयोगी पडणार असेल तर पाठवून देते.

आपली नियमित वाचक,
एक मावशी