मलम चाललं, बाई नाही

महोदय,

महायुद्धावरच्या लेखांत शौर्य असतं, गुप्तरोग नसतात. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थंडावल्या, पण जहाजांअभावी लाखो सैनिक महिनोन् महिने युरोपातच अडकले. खिशात पगार, हाताला काम नाही आणि पॅरिस जवळ! पेनिसिलिन तेव्हा नव्हतं. उपदंश (सिफिलिस) घेऊन घरी गेलेला जवान तो बायकोला आणि तिच्या पोटातल्या बाळालाही देत असे.

न्यूझीलंडच्या स्वयंसेविका एटी राऊट यांनी उपदेश न करता निरोध, कॅलोमेलचं (पाऱ्याच्या क्षाराचं) मलम आणि जंतुनाशक असा छोटा संचच तयार केला. १९१७ च्या अखेरीस न्यूझीलंडच्या सैन्याने रजेवर जाणाऱ्यांना तो सक्तीचा केला. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावर बाई स्वतः गाडीतून उतरणाऱ्या जवानांना गाठत, संच देत, वैद्यकीय तपासणी होणाऱ्या वेश्यागृहाचा पत्ताही देत. (आजही किती जणांना हे पचेल?) मायदेशात मात्र त्यांचं नाव छापणाऱ्या वृत्तपत्राला १०० पौंड दंड होता. सैन्याला मलम चाललं, बाई चालली नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत त्यांच्यावर एखादा लेख जरूर यावा. आता दंड होणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा