चवथीला घाट चढण्याआधी हेडलाइटची परीक्षा घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. ऑइल बदलले जाते, ब्रेक बघितले जातात, वायपरला नवे रबर येते. हेडलाइट मात्र "लागतात ना?" एवढ्या एका प्रश्नावर पास होतात. चतुर्थीच्या आधीच्या रात्री अमावास्येला लागून असतात, चंद्र लवकर मावळतो आणि वरून पाऊस. केरी सोडून चोर्ला घाटात शिरलेल्या किंवा मोले ओलांडून अनमोडकडे निघालेल्या गाडीला अशा वेळी हेडलाइटशिवाय दुसरा उजेड नसतो.

चालत्या गाडीचे दिवे अचानक गेले तर आधी स्टीअरिंगजवळची दांडी आपल्याकडे ओढून धरावी, डिपर मारतो तशी. बहुतेक गाड्यांत या डिपरची वीज हेडलाइटच्या स्विचला वगळून वेगळ्या वाटेने येते. त्यामुळे स्विच मेला असला तरी हाय बीम, म्हणजे लांबवर पडणारा झोत, पेटतो आणि गाडी डाव्या कडेला घेण्यापुरते दिसते. फॉग लॅम्पचा फ्यूजही सहसा वेगळा असतो, तोही लावून बघावा. गाडी वळणावर थांबवू नये. हझार्ड दिवे लावून धोक्याचा लाल त्रिकोण मागे पन्नासेक मीटरवर ठेवावा, वळण जवळ असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. माणसांनी गाडीत बसून राहू नये. मोबाईलच्या टॉर्चवर पुढे जाण्याचा विचारही नको.

आता दोष शोधणे. बॉनेट उघडण्याआधी काय मेले आहे आणि काय जिवंत आहे, एवढे बघितले तरी निम्मे काम होते. एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर दोष त्या बाजूच्या बल्बात, कपलरमध्ये (बल्बाला वायर जोडणारा प्लग), अर्थिंगमध्ये (करंट बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची जोडणी) किंवा त्या बाजूच्या फ्यूजमध्ये. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज असतात. दोन्हीकडचा लो बीम (जवळचा झोत) गेला आणि हाय बीम चालू आहे, असे असेल तर बल्बांना हात लावण्याआधी रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा मोठा करंट जोडणारी डबी) आणि दांडीचा स्विच बघावा. दोन बल्ब एकाच क्षणी उडणे हा योगायोग क्वचितच घडतो. एकाच रात्रीत, थोड्या अंतराने दोन्ही उडाले तर मात्र ऑल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या भागावर, संशय घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले की नवा बल्बही फार दिवस टिकत नाही.

रिलेची परीक्षा सोपी आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचे चित्र बघून हेडलाइटचा रिले काढावा आणि त्याच नंबरचा, त्याच पिनांचा हॉर्नचा रिले तिथे बसवावा. दिवे लागले तर दोष सापडला. हॉर्नशिवाय घाट उतरणे बरे नाही, पण दिव्यांशिवाय उतरण्यापेक्षा बरे. स्विच लावताना रिलेची 'टिक' ऐकू येते आणि तरी दिवा लागत नाही, तर रिलेच्या आतले पॉइंट (करंट जोडणारे धातूचे तुकडे) जळालेले असू शकतात किंवा पुढची वायर तुटलेली.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिसरा फ्यूज वाया घालवू नये. लाल फ्यूजच्या जागी हिरवा ठोकणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायला देणे. वायर डॅशबोर्डमागून जाते, हे विसरू नये.

आमच्या मते गोव्यात सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. काणकोणपासून मोरजीपर्यंत किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ आहे, त्यात चार महिने पाऊस. हेडलाइटमागे बॉडीवर आवळलेल्या अर्थिंगच्या रिंगखाली गंज धरतो, तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि दिवा जात नाही, तर मंद होतो. व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाला तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. माणूस म्हणतो, काच पिवळी पडली. अर्थिंगची खूण वेगळी असते: लो बीम लावल्यावर त्याच बल्बातली हाय बीमची तारही मिणमिणते, कारण करंट परतायला आडवाट शोधतो. खात्री करायची तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर थेट कपलरच्या अर्थ पिनेला लावावी. दिवा लख्ख झाला तर दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवून रिंग आणि पत्रा सँडपेपरने घासावा, आवळावे, मग वरून व्हॅसलीन लावावे. इथे एक मेख आहे. काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या जुन्या गाड्यांत, स्विच पॉझिटिव्हवर नसून अर्थच्या बाजूला असतो. तिथे दिवे बंद असतानाही कपलरमध्ये १२ व्होल्ट दिसतात आणि अर्थ पिनही नेहमीच्या जागी नसते. टेस्ट लॅम्प (वीज येते का ते दाखवणारा छोटा दिवा) घेऊन बसलेला नवखा त्यात तासभर फसतो.

दुसरे दुखणे आपण विकत आणतो. एच-४ जातीचा (हाय आणि लो बीमच्या दोन तारा एकाच बल्बात) मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. लो बीमवर दोन्ही मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. १००/९० वॅटचा घातला की तोच आकडा १५ वर जातो, हाय बीमवर १६-१७. मूळ वायर, कपलर आणि दांडीतले पॉइंट त्यासाठी नसतात. आधी कपलर तपकिरी होतो, मग वितळतो, आणि नेमका लांबच्या प्रवासात, कारण शहरात दिवे तेवढा वेळ लागतच नाहीत. वितळलेल्या कपलरात नवा बल्ब खोचण्यात अर्थ नाही. सिरॅमिकचा होल्डर घालावा आणि वॅट कमी करावेत. हॅलोजनच्या घरात बसवलेले स्वस्त एलईडी तर समोरच्याचे डोळे दिपवतात आणि पावसात आपल्याला रस्ता दाखवत नाहीत.

बल्ब बदलताना काचेला बोट लावू नये, तेलकट डागाच्या जागी काच जास्त तापून फुटते. लागलेच तर स्पिरिटने पुसावे. मागची रबरी टोपी नीट बसवावी. ती अर्धवट राहिली की पाणी आत जाते. तापलेला दिवा साचलेल्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढले जाते. काचेवर नुसते धुके असेल तर दिवे वीस-तीस मिनिटे लावल्यावर सुकते, पण तळाशी पाणी डुचमळत असेल तर सील फुटले आहे. ड्रिलने भोक पाडणे हा उपाय नव्हे. कंपनीतून एलईडी आलेल्या गाड्यांत वाटेवर फ्यूज आणि कपलर बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

सगळेच दिवे हळूहळू मंद होत गेले आणि बॅटरीचा लाल दिवा लागला, तर दोष ऑल्टरनेटर किंवा बेल्टचा. इंजिन बंद करू नये, एसी आणि गाणी बंद करावी, जवळची वस्ती गाठावी. हेडलाइट, वायपर आणि इंजिन मिळून ३५ अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीवर तासभराचाही भरवसा नाही.

डिकीत एक जादा बल्ब, १० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज, एक रिले, टेस्ट लॅम्प, दोन मीटर वायर आणि दहाचा पाना, एवढे एका डब्यात मावते. आमची विनंती रेंट-अ-कॅबच्या, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाड्यांच्या, मालकांना आहे: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या तुमच्या गाडीत हा डबा ठेवा, आणि फ्यूज बॉक्स नेमका कुठे आहे हे एका चिठ्ठीवर लिहून ती सन-व्हायझरमागे चिकटवा. पाहुण्याला तो अंधारात शोधायला लावू नका.

आपले,
फोंडा परिसरातील काही ऑटो इलेक्ट्रिशियन