आभार : पत्रिकेवर नावे नसलेल्यांचे

विद्यापीठाच्या सार्वजनिक व्याख्यानमालेचे यंदाचे सत्र पार पडले. वक्त्यांचे आभार त्या त्या वेळी मानले गेलेच. परंतु ज्यांची नावे निमंत्रणपत्रिकेवर छापली जात नाहीत, त्यांचे ऋण जाहीरपणे नोंदवणे आम्हांला अगत्याचे वाटते.

साहित्याचे आणि विज्ञानाचे अभ्यासक एकमेकांपासून दुरावल्याची खंत ब्रिटिश वैज्ञानिक आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी १९५९ साली केंब्रिज विद्यापीठातील रीड व्याख्यानात मांडली होती. ही दरी दोघांना एका मंचावर बसवल्याने आपोआप बुजत नाही. म्हणूनच, परक्या विषयाची टिपणे आधी वाचून, सांख्यिकीचे आलेख इतिहासाच्या श्रोत्यांनाही कळावेत यासाठी अक्षांवरची एकके ठळक लिहून घेणाऱ्या आणि वक्त्यांना न दुखावता काही सूत्रे गाळायला लावणाऱ्या (हे काम अधिक अवघड!) संशोधक विद्यार्थ्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत.

साधारण वीस मिनिटांनी एकमेकांची जागा घेत कर्णबधिर श्रोत्यांपर्यंत सांकेतिक भाषेत व्याख्यान पोहोचवणारे दुभाषी, चिठ्ठ्यांवरील प्रश्न निवडताना अडचणीचे प्रश्न मुद्दाम वर ठेवणारे स्वयंसेवक आणि ध्वनिवर्धक घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत धावणारे सहकारी यांच्यामुळे सभागृहातील संवाद एकतर्फी राहिला नाही. चर्चा लांबली तरी दिवे न मालवता थांबलेल्या सुरक्षारक्षकांचे, तसेच सफाई कर्मचाऱ्यांचेही मनःपूर्वक आभार.