फिटच्या गोळ्या सोसत नाहीत, त्यांचंही ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फिट येणाऱ्या माणसाला सगळे एकच सांगतात, गोळी चुकवू नको. बरोबरच आहे, गोळी एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेततं. पण ज्याला गोळीच सोसत नाही त्याने काय करायचं? त्यासाठी हे पत्र.

माझी धाकटी बहीण युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. पहिली गोळी फेनिटोइनची होती, जुनी आणि स्वस्त. फिट थांबल्या पण हिरड्या सुजून दातांवर आल्या, ब्रश लावला की रक्त, आणि डोस जरासा वाढवला तर चालताना झोकांड्या जायला लागल्या, सुईत दोरा ओवता येईना, बरोबरच्या बाया विचारायच्या काय गं पिऊन आलीस का. या औषधाचं असंच असतं हे खूप नंतर कळलं, एका मर्यादेनंतर डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं, आणि ते रक्त तपासून मोजता येतं. ती टेस्ट कोणी लिहून दिली नव्हती.

मग लेव्हेटिरॅसिटॅम दिली. तोल सावरला पण पोरीचा स्वभावच बदलला हो, भाकरी करपली म्हणून रडायची, एकदा माझ्या मुलाच्या अंगावर स्टीलचा डबा फेकला आणि मग स्वतःच तासभर थरथरत बसली. या औषधाने काही जणांची चिडचिड होते, मन उदास होतं, हे माहितीतलंच आहे. आम्ही सांगायला गेलो तर उत्तर मिळालं, फिट पाहिजे का हे पाहिजे. बाहेर पेशंटची रांग असते, मान्य आहे. पण असं उत्तर मिळालं की पेशंट बोलणंच बंद करतो, घरी गुपचूप अर्धी गोळी खातो, परत फिट येते, डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय आणि ते डोस अजून वाढवतात. हे चक्र मी घरात बघितलंय.

पुढे एका डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लॅमोट्रिजिन सुरू केली, अगदी 25 मिलीग्रॅमपासून, दोन-दोन आठवड्यांनी थोडी थोडी वाढवत. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी या म्हणाले, कारण ते जिवावरचं असू शकतं. जुनी गोळीसुद्धा हळूहळू कमी केली. लग्नाचं वय आहे म्हणून व्हॅल्प्रोएट ही फिटची दुसरी गोळी का टाळतोय, पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो, हे तिला समोर बसवून सांगितलं. आणि एक वही करायला लावली, फिट कधी आली, झोप किती झाली, त्रास काय झाला. त्या वहीतूनच दिसलं की नळाला रात्री पाणी येतं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला जास्त त्रास होतो, जागरणाने फिट येऊ शकते. आता पाणी भरायला मी उठते.

नीट निवडलेली आणि सोसणारी दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबल्या नाहीत तर पुढच्या तपासण्या, ऑपरेशन, कीटो आहार म्हणजे भरपूर स्निग्ध पण भात-पोळी-साखर अगदी कमी असं जेवण, असे मार्ग आहेत. मुंबईचं केईएम, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा या हॉस्पिटलांत ऑपरेशन होतात. पण गोळी सोसली नाही म्हणून सोडली तर ती फेल गेली असं धरायचं नसतं. म्हणून कुठली गोळी, किती डोस, का सोडली हे लिहिलेला कागद जवळ पाहिजेच, आमच्याकडे सुरुवातीचा एकही नव्हता.

सिव्हिलच्या अधिकाऱ्यांना विनंती आहे की फिटच्या पेशंटसाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्या, तिथे औषधाचा त्रास आधी विचारला जावा आणि रक्तातलं प्रमाण मोजायची सोय असावी. मेडिकलवाल्यांनीही ‘तेच आहे हो’ म्हणत दर महिन्याला वेगळ्या कंपनीची गोळी देऊ नये, काही पेशंटना तेवढ्याने फरक पडतो. आणि कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर पेशंट स्वतः 1800-180-3024 या सरकारी टोल फ्री नंबरवर कळवू शकतो, हा नंबर प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये लावा, आपल्या गावात तिन्ही वाचणारे आहेत.

आपली,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर